युरोपियन वाइनवरचं पुस्तक घेताना काय तपासावं

युरोपियन वाइनच्या बाटलीवर बहुतेक वेळा द्राक्षाच्या जातीचं नाव नसतं, गावाचं असतं. शाब्ली म्हणजे शार्डोने, बारोलो म्हणजे नेब्बिओलो, हे लेबल सांगत नाही. पुस्तकाने सांगायला हवं. म्हणून आधी नकाशे आणि शेवटची सूची बघा. चवीची वर्णनं कुठल्याही पुस्तकात सापडतात, त्यांच्यावर भाळू नका.

दुकानात उभ्या उभ्या करायची चाचणी: सूचीत ‘मोन्तेपुल्चानो’ काढा. हे तस्कनीतलं गाव. तिथली ‘व्हिनो नोबिले’ नावाची वाइन मुख्यतः सान्जोव्हेझे द्राक्षाची. पण मोन्तेपुल्चानो हीच एक वेगळी द्राक्षाची जातही आहे, ती इटलीच्याच दुसऱ्या मुलखात, अब्रुत्सोकडे पिकते. चांगलं पुस्तक हा घोळ सोडवतं. जे दोन्हींची खिचडी करतं, ते परत फडताळात ठेवा. ऑनलाइन घेत असाल तर हीच सूची प्रिव्ह्यूत बघा.

मुंबईत फाउंटनच्या किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण वय तपासून घ्या. छपाईच्या पानावरचं पुनर्मुद्रणाचं साल म्हणजे आवृत्तीचं साल नव्हे, आणि विक्रेता नेहमी अलीकडचंच दाखवणार. आतला मजकूर खोटं बोलत नाही. प्रोसेक्को या इटलीच्या फसफसत्या वाइनच्या द्राक्षाला ‘ग्लेरा’ म्हटलं नसेल, तर मजकूर बहुधा 2009 पूर्वीचा. फ्रान्सच्या अल्सास भागातलं ‘तोके पिनो ग्री’ हे नाव चालू वाइन म्हणून दिलं असेल, तर 2007 च्याही आधीचा. फ्रान्समध्ये बोर्दोतल्या सॉंतेमिलियोंच्या वाइन उत्पादकांच्या सर्वोच्च श्रेणीत शेव्हाल ब्लां असेल, तर 2022 ची यादी त्यात आलेली नाही.

जुनं म्हणजे टाकाऊ असंही नाही. नद्या, उतार, माती तिथेच आहेत, आणि बोर्दोच्या उत्पादकांची श्रेणी लावणाऱ्या 1855 च्या यादीत मोठा बदल एकच झाला: 1973 साली मुतों रोथशिल्डला बढती मिळाली. जर्मनीचं प्रकरण मात्र नव्या पुस्तकातच वाचा, कारण तिथला वाइन कायदा 2021 मध्ये बदलला.

मुंबईच्या पावसाळ्यातून गेलेल्या प्रतीत आणखी एक धोका असतो. नकाशांची पुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात. दमटपणाने ही पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाईसकट सोलून निघतात. नेमका बरगंडीचा नकाशा जायचा! म्हणून मधली पन्नासेक पानं उलटून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

एकच पुस्तक घ्यायचं तर ह्यू जॉन्सन आणि जॅन्सिस रॉबिन्सन यांचं ‘द वर्ल्ड अ‍ॅटलस ऑफ वाइन’ घ्या. आठवी आवृत्ती 2019 ची, म्हणजे सॉंतेमिलियोंच्या चाचणीत ती नापास होते, तरीही नकाशांसाठी तीच घ्यावी, आणि छापीलच. फोनवर नकाशा बघण्यात अर्थ नाही. ‘द ऑक्सफर्ड कंपॅनियन टू वाइन’ (पाचवी आवृत्ती, 2023) हा कोश आहे, सलग वाचायचा नाही. त्याची घाई नको; सहा महिने अ‍ॅटलस वापरून शंका साठल्या की मग घ्या.

किमतींचे तक्ते वगळा. पौंडांतला आकडा आयात शुल्क आणि राज्याचा अबकारी कर लागल्यावर इथल्या दुकानात ओळखूही येत नाही.