दिव्याच्या खांबाखालून आकाश कसं पाहावं

रस्त्यावर पांढरे एलईडी लागले की गच्चीवरून तारे पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो फिल्टरचा. 'लाइट पोल्यूशन' असं छापलेली काचेची चकती मागवली जाते, आयपीसला (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला) लावली जाते आणि दिवा तसाच डोळ्यात खुपत राहतो. फिल्टरला त्याची जागा आहे, पण ती यादीच्या तळाशी. आधी कापड, खुर्ची आणि चटई.

उजेड दोन वाटांनी त्रास देतो. एक, समोरच्या खांबावरून थेट डोळ्यात किंवा दुर्बिणीच्या नळीत शिरणारा. दुसरा, शहरभरच्या दिव्यांचा हवेतल्या धुळीवर, बाष्पावर आणि हवेच्या रेणूंवर विखुरलेला, ज्यामुळे सगळं आभाळच राखाडी-पांढुरकं दिसतं. पहिल्याचा बंदोबस्त जवळजवळ पूर्ण करता येतो, आणि तोही चार-दोन हजारांच्या आत. दुसऱ्याला हटवता येत नाही. तिथे काय पाहायचं आणि कधी पाहायचं हे निवडावं लागतं.

आधी मोजा

काहीही विकत घेण्याआधी आपलं आकाश किती बिघडलंय ते बघा. हिवाळ्यात कृत्तिका हे उत्तम माप आहे. महाराष्ट्रातून हा पुंजका जवळजवळ डोक्यावर येतो. पुण्याच्या रेखांशावर डिसेंबरच्या मध्यात रात्री पावणेअकराच्या सुमारास, तर जानेवारीच्या मध्यात पावणेनऊच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. त्यातल्या तेजस्वी ताऱ्यांच्या प्रती (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) साधारण २.९, ३.६, ३.७, ३.९, ४.२ आणि ४.३ अशा आहेत. सातवा ५च्या आसपास. नुसत्या डोळ्यांनी चार मोजता आले तर तुमची मर्यादा ४च्या जवळ आहे. सहा दिसले तर शहराच्या मानाने नशीबवान आहात. एक अस्पष्ट ठिपकाच दिसला तर थेट उजेड डोळ्यात येतोय का, हा पहिला संशय घ्या.

उन्हाळ्यात सप्तर्षी घ्या. चौकोनाला शेपूट जिथे जुळते तो अत्री ३.३ प्रतीचा आहे, आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती ४.० प्रतीची. अत्री सहज दिसतो पण अरुंधती नाही, ही शहरातली नेहमीची अवस्था. चष्मा लागत असेल तर तो लावूनच बघा, नाहीतर दोष आकाशाच्या माथी जाईल.

आता तळहात पसरून खांबावरचा दिवा झाका, तसाच पाच मिनिटं धरा आणि पुन्हा मोजा. एखाद-दुसरा तारा वाढला, तर पुढचा खटाटोप फळणार.

बसायची जागा

गच्ची दिव्यापेक्षा उंच असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. रस्त्यावरचे खांब सहसा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या आसपास संपतात. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर उजेड खालून येतो आणि तो कठडाच अडवतो, फक्त तुम्ही उभे राहायचं नाही. साध्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे सव्वा मीटरच्या आसपास असतात आणि कठडा एक मीटरचा. त्यामुळे बुटकं स्टूल घ्या, किंवा बायनॉक्युलर असेल तर सरळ चटईवर आडवे व्हा. डोक्यावरचं आकाश पाहायला तीच सर्वांत सुखाची पद्धत आहे, मानही अवघडत नाही.

अंगणात मात्र दिवा वर असतो. समजा दिवा ७ मीटर उंच आणि तुमच्यापासून १५ मीटर लांब आहे, डोळे १.२ मीटरवर. ६ फुटी, म्हणजे १.८ मीटरचा आडोसा हा दिवा झाकेल, पण तो तुमच्यापासून दीड मीटरच्या आत असेल तरच. कुंपणाला टांगलेली ताडपत्री म्हणूनच उपयोगी पडत नाही: ती लांब असते, आणि दिवा तिच्या डोक्यावरून बघत राहतो. आडोसा खुर्चीला चिकटून हवा.

दोन पाखांचा आडोसा

साहित्य: १० फुटी पाऊण इंची पीव्हीसी पाइप ४, एल्बो ८, केबल टाय ३, आणि दाराच्या मापाचे (७ × ४ फूट) गडद ब्लॅकआउट पडदे २. प्रत्येक पाइप ६ आणि ४ फुटांवर कापा, तुकडा वाया जात नाही. दोन सहा फुटी उभे, दोन चार फुटी आडवे, चार कोपऱ्यांत एल्बो: ही एक पाख. वरचा आडवा पाइप एल्बोत बसवण्याआधी पडद्याच्या कड्यांमधून ओवून घ्या. हे विसरलं की सगळं पुन्हा उकलावं लागतं. पडद्याचा खालचा जास्तीचा फूट खालच्या पाइपाला गुंडाळून चिमट्यांनी पक्का करा. दोन्ही पाखा एका कडेने केबल टायने सैलसर जोडा आणि काटकोनात उघडा. अशी चौकट स्वतःच्या पायावर उभी राहते, वेगळे पाय लागत नाहीत.

एल्बोला सोल्यूशन लावू नका, म्हणजे उन्हाळ्यानंतर सुटं करून माळ्यावर टाकता येईल. सांधे निसटत असतील तर एकेक बारीक स्क्रू पुरे. पडदा घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरून बघा. साधं काळं पॉपलिन एकेरी असताना दिव्याचा ठिपका आरपार दाखवतं. शेतीची शेडनेट तर मुळात उजेड अर्धवट आत सोडण्यासाठीच विणलेली असते.

खरा शत्रू वारा. ६ × ४ फुटांचं कापड म्हणजे शीडच. खालच्या दोन्ही टोकांना पाण्याने भरलेले ५ लिटरचे कॅन बांधा. गच्चीवर हा आडोसा कठड्याला टेकवून ठेवू नका, आणि झोपायला जाण्याआधी आडवा करून ठेवा. रात्री तो खाली रस्त्यावर गेला तर खगोलप्रेमाचं कौतुक कोणी करणार नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मागची भिंत. दिवा समोर झाकला तरी जिन्याच्या टोपीची पांढरी भिंत तोच उजेड परतवते. तिच्यावर जुनी गडद चादर लटकवा. टाकीलाही तोच न्याय.

डोळे

अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली काही मिनिटांत मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यावरचं रसायन पुरेसं भरून यायला २० ते ३० मिनिटं लागतात. एकदा पांढरी स्क्रीन बघितली की ही कमाई गेली. म्हणून मोबाइल खिशात. नकाशाचं ॲप हवंच असेल तर त्याचा लाल रात्र-मोड लावा आणि ब्राइटनेस तळाला न्या. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावायचा तर एक थर पुरत नाही. तीन-चार थर लावा आणि पांढऱ्या कागदावर उजेड पाडून बघा. गुलाबी दिसला तर अजून हवेत. सायकलचा मागचा लाल दिवा मंद करून वापरला तरी चालतं.

जिन्यातून ये-जा करावी लागते, कोणीतरी दिवा लावतंच. ज्या डोळ्याने दुर्बिणीतून बघता त्यावर आधीपासून पट्टी बांधा. दिसायला विचित्र, कामाला चोख.

आयपीसशी डोळा लावला की कानशिलाकडून उजेड शिरतो. जुने फोटोवाले कॅमेऱ्यामागे काळं कापड घेत, तसं मीटरभर काळं सुती कापड डोक्यावरून आयपीसवर ओढून घ्या. एवढ्या एका कापडाने जेवढा फरक पडतो तेवढा इथल्या दुसऱ्या कुठल्याच उपायाने पडत नाही. त्रास एकच: श्वासाने आयपीसवर वाफ धरते, म्हणून कापड नाकाखाली मोकळं सोडा.

अंधुक वस्तू सरळ रोखून पाहू नका. उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या किंचित उजवीकडे न्या, डाव्याने तर डावीकडे. वस्तू नाकाच्या बाजूला राहायला हवी. उलट केलंत तर ती डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यात जाऊन नाहीशी होते. नळीला हलकीशी टिचकी मारा: हलणारी अंधुक वस्तू स्थिर असलेलीपेक्षा लवकर कळते.

दुर्बिणीची नळी

६ इंची न्यूटोनियन किंवा डॉबसोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, आयपीस नळीच्या तोंडाजवळ असतं. तिरका आलेला उजेड समोरच्या आतल्या भिंतीवर पडतो आणि तिथून थेट आयपीसमध्ये. दोन उपाय एकत्र करा.

तोंडाला गळपट्टी: ६ मिमी जाडीची काळी योगा मॅट घ्या. नळीचा बाहेरचा व्यास १९ सेंमी असेल तर घेर ६० सेंमीच्या आसपास. ६५ × ३३ सेंमीची पट्टी कापा, ८ सेंमी नळीवर चढवा, २५ सेंमी पुढे राहू द्या, शिवण वेल्क्रोने. मग आयपीस काढून त्या भोकातून आत बघा. आरशातल्या प्रतिबिंबात पट्टीची कड दिसत असेल तर ती आत लोंबतेय. टोक थोडं बाहेर फाकवा. पुढचं वजन वाढल्याने नळी मान टाकते, तेव्हा तळाशी स्पीकरचं एखादं जुनं लोहचुंबक चिकटवा. दव पडणाऱ्या रात्री हीच पट्टी नळीच्या तोंडातल्या आरशाला कोरडं ठेवते, तो वेगळा फायदा.

आतली भिंत: आयपीसच्या बरोबर समोर २० × २० सेंमीचा काळा मखमली स्टिकर कागद. कारखान्याचा काळा रंग समोरून काळा दिसतो, तिरक्या उजेडात चमकतो. चिकटवताना नळी आडवी ठेवा आणि मुख्य आरसा झाकून घ्या, नाहीतर मखमलीची लव आरशावर बसते.

काय पाहायचं आणि किती मोठं करून

शहरात जास्त वर्धन हा मित्र आहे. १५० मिमी व्यासाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमी आयपीस लावलं तर ४८ पट वर्धन आणि बाहेर येणारा प्रकाशाचा झोत ३.१ मिमी रुंद. १० मिमी लावलं तर १२० पट आणि १.२५ मिमी. दुसऱ्यात पार्श्वभूमीचं आकाश सहा पटींहून अधिक काळवंडतं. तारे मात्र बिंदूच असतात, ते जवळजवळ तसेच राहतात. म्हणून पुंजक्यांतले बारीक तारे वर येतात. याच कारणाने शहरासाठी ७×५० बायनॉक्युलरपेक्षा १०×५० बरं (पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा, मिमीमध्ये).

चंद्र, गुरू, शनी यांना पथदिव्याने काही फरक पडत नाही. जोडतारे पोटभर बघा: वसिष्ठाची स्वतःची जोडी (अंतर १४ विकला; एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), हंसाच्या चोचीतली सोनेरी-निळी जोडी (३४ विकला). पुष्यातला एम४४ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक), वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम७, शौरीतला एम१३ हे पुंजके आणि मृगातला तेजोमेघ शहरातूनही मिळतात. ओमेगा सेंटॉरी हा पुंजका पुण्यातून जेमतेम २४ अंश वर चढतो, दक्षिणेकडे बाजारपेठ असेल तर तो सोडून द्या. दीर्घिकांमध्ये देवयानी एवढीच, तीही गाभ्याचा धूसर डाग म्हणून. एम३३ किंवा एम१०१च्या मागे लागून रात्र घालवू नका.

कुठलीही वस्तू शक्यतो ४५ अंशांच्या वर आली की बघा. ३० अंशांवर डोक्यावरच्या दुप्पट हवा मध्ये असते आणि धूळ-धूरही तेवढाच जास्त. पाऊस पडून गेलेली रात्र सर्वांत स्वच्छ. दिवाळीची अमावस्या कॅलेंडरप्रमाणे उत्तम आणि फटाक्यांच्या धुराने शहरात बहुधा वर्षातली सर्वांत वाईट. मार्गशीर्षाची वाट बघा.

आता फिल्टर

सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा बराचसा उजेड ठरावीक रंगांत असे, म्हणून त्या काळच्या फिल्टरना तेवढंच कापता यायचं. पांढऱ्या एलईडीचा उजेड ४५० नॅनोमीटरच्या निळ्या उंचवट्यापासून लाल रंगापर्यंत सलग पसरलेला असतो. तो कापायला गेलं की ताऱ्याचाही उजेड कापला जातो. फक्त अरुंद पट्ट्याचे यूएचसी आणि ओ-३ फिल्टर अजून उपयोगी आहेत. ते ४८६, ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड सोडतात (ओ-३ यातले शेवटचे दोनच), आणि वायूचे तेजोमेघ नेमका तोच देतात. मृगाचा तेजोमेघ, डंबेल एम२७ यांना फरक स्पष्ट दिसतो. दीर्घिका, पुंजके, ग्रह यांना शून्य. फिल्टर लावून वर्धन फार वाढवू नका, प्रकाशाचा झोत २ मिमीच्या खाली गेला की चित्र नुसतं काळं होतं.

दिव्याचंच काही करता येतं का

खांबावर स्वतः चढणं, दिव्यावर काही फेकणं, वायर काढणं हे अजिबात नको. विजेचा धोका आहे आणि गुन्हाही. सोसायटीच्या आवारातले दिवे मात्र आपल्या हातात असतात. कमिटीला 'तारे बघायचेत' म्हणून पटत नाही. वीजबिल आणि बेडरूममध्ये येणारा उजेड हे शब्द पटतात. भिंतीवरचा उघडा फ्लडलाइट काढून खाली तोंड असलेला, ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणि मोशन सेन्सर सुचवा.

रस्त्याच्या दिव्यासाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या विद्युत विभागाला अर्ज द्या. दिवा बंद करा असं लिहू नका, अर्ज तिथेच बसतो. मागणी एकच ठेवा: दिव्याचा कल आडवा करावा, किंवा घराच्या बाजूला पत्र्याची झडप बसवावी. खांबावर रंगवलेला क्रमांक, रस्त्याचं नाव, कोणत्या मजल्याच्या खिडकीत उजेड येतो ते, आणि रात्री खिडकीतून काढलेला फोटो जोडा. शेजारच्या दोन घरांच्या सह्या घेतल्या तर आणखी बरं, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.