आरबीएसला सॅम्पल नेण्याआधी

ताळगाव पठारावरच्या प्रयोगशाळेत बनवलेले पातळ थर दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमधल्या १.७ एमव्ही पेलेट्रॉन या आयन-प्रवेगकावर आरबीएसने (रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग: हेलियमचे आयन थरावर मारून, परत उसळणाऱ्यांच्या ऊर्जेवरून थरात कोणते अणू किती आहेत ते काढणं) तपासायचे असतील, तर स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेला किती आयन आले त्याचा आलेख) चांगला येणार की वाईट हे बरंचसं गोव्यातच ठरतं. सर्वांत आधी सब्स्ट्रेट, म्हणजे ज्यावर थर द्यायचा तो तुकडा, निवडा. २ एमईव्ही हेलियम १७० अंशांवर परत येतो तेव्हा सिलिकॉनची कड (त्याच्यावरून उसळणाऱ्या आयनांची सर्वाधिक ऊर्जा) साधारण १.१३ एमईव्हीला दिसते, ऑक्सिजन ०.७२ ला. म्हणजे सिलिकॉनवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिला, तर टायटॅनियम १.४३ च्या आसपास सुटा, स्वच्छ मिळतो, पण ऑक्सिजनचं शिखर सिलिकॉनच्या उंच पायरीवर बसतं आणि त्याचं प्रमाण काढताना चूक वाढते. ऑक्सिजन महत्त्वाचा असेल तर त्याच बॅचमध्ये एक तुकडा ग्लासी कार्बनचा ठेवा. कार्बनची कड ०.५ ला असल्याने ऑक्सिजन मोकळा दिसतो. नाहीतर ३.०४ एमईव्हीच्या रेझोनन्सवर, म्हणजे ज्या ऊर्जेला ऑक्सिजनवरून हेलियम एकदम जास्त उसळतो तिथे, मोजणी मागा, आणि हे बीमटाइमच्या (यंत्रावरच्या वेळेच्या) प्रस्तावातच लिहा.

तुकडे १० बाय १० मिलिमीटरचे पुरेत. थर देण्याआधी अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात प्रत्येकी दहा मिनिटं अल्ट्रासॉनिक करून नायट्रोजनने वाळवा. नंबर मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने कोरा. मार्कर पेन नको, शाई व्हॅक्यूममध्ये वायू सोडते. मग लगेच डेसिकेटर, म्हणजे ओलावा शोषणारी बंद पेटी. किनाऱ्यावरच्या हवेतलं मीठ पृष्ठभागावर पुरेसं साचलं, तर क्लोरीनचं शिखर १.२७ ला, सिलिकॉनच्या वर, डोकं काढतं आणि ती थरातलीच भेसळ वाटते. जून ते सप्टेंबर निळं सिलिका जेल रोज पाहा. गुलाबी झालं की ११० अंशांवर भाजून परत निळं करा. सच्छिद्र थर ओलावा धरतात आणि चेंबरचं व्हॅक्यूम खाली उतरायला वेळ खातात.

काचेवरचे थर असतील तर थराच्या कडेपासून होल्डरपर्यंत कार्बन टेपची पट्टी लावा, बीमची जागा सोडून. नाहीतर सॅम्पल चार्ज होतं, स्पेक्ट्रम सरकतो, मोजलेला चार्जही खोटा ठरतो. एकस्फटिकी सिलिकॉन असेल तर ५ ते ७ अंश तिरपं करून फिरवत ठेवायला सांगा. चॅनेलिंग झालं, म्हणजे आयन स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधून सरळ आत गेले, की सिलिकॉनची उंची पडते आणि सगळं फिटिंग बिघडतं.

सोबत कोरं सब्स्ट्रेट आणि सोन्याचा पातळ थर दिलेला तुकडा कॅलिब्रेशनसाठी न्या. खडबडीत थराची एएफएम (सूक्ष्म सुईने पृष्ठभागाचे उंचसखल मोजणं) आधीच करून घ्या, कारण खडबडीतपणामुळे कडेला येणारी शेपटी हुबेहूब डिफ्यूजनसारखी दिसते. निघण्यापूर्वी प्रत्येक सॅम्पलचा सिमनरा या सॉफ्टवेअरमध्ये अंदाजी स्पेक्ट्रम काढा. १० नॅनोअँपिअरवर १० मायक्रोकूलंबला सुमारे १७ मिनिटं लागतात, त्यावरून सॅम्पलचा क्रम लावा. सर्वांत गरजेचं पहिलं. जाडी आरबीएस नॅनोमीटरमध्ये देत नाही, दर चौरस सेंटिमीटरला अणू किती ते देतं. तेव्हा प्रोफायलोमीटरने (थराच्या कडेची पायरी मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेली जाडी वहीत हवीच, तिच्यावरूनच थराची घनता निघते. हायड्रोजन मात्र यात दिसतच नाही; तो हवा असेल तर ईआरडीएचा (आयनांच्या धक्क्याने पुढे उडालेले हलके अणू मोजणाऱ्या पद्धतीचा) वेगळा बीमटाइम मागा.