गावात फॅन क्लब काढायचाय? मग आमच्या चुका आधी वाचा

दर आयपीएलला आमच्या तालुक्याच्या गावात दोन-तीन फॅन क्लब निघतात. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग डीपी, मग चौकात बॅनर, अन् फायनल झाली की ग्रुपवर नुसती गुड मॉर्निंगची फुलं उरतात. आमचाबी तसाच होता. चेन्नईवाले एका बाकड्यावर, मुंबईवाले दुसऱ्या, अन् चहाचे पैसे हरणाऱ्यानं द्यायचे, एवढंच काय ते आमचं समाजकार्य.

मग २०२२ च्या ऑगस्टमधी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाश साबळेची शर्यत आली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा गडी, ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, ८ मिनिटं ११.२० सेकंद, सोनं हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं. १९९८ पासून राष्ट्रकुलमधी या शर्यतीची तिन्ही पदकं केनियावालेच घेऊन जायलेले, तिथं ह्यानं चांदी काढली. एका मोबाईलभोवती आम्ही बारा जण, दोन्ही बाकडे एक झालेले. ओरडून घसे बसल्यावर एक जण म्हणला, आपल्यातल्या कोणी जिल्ह्यातलं एखादं पोरगं मैदानावर जाऊन पळताना बघितलंय का रे? सगळे गप.

तिथून पुढं जे केलं ते सांगतो, जिथं आपटलो तेबी सांगतो.

पहिलं म्हणजे टीम कोणती धरायची. टीव्हीतली टीम सोडा असं मी म्हणत नाही, ती मजा वेगळीच हाय, पण सोबत एक टीम अशी धरा जिला तुमचा आवाज ऐकू जातो. आम्ही शाळेच्या खो-खोच्या मुली धरल्या. कामून म्हणाल तर आपल्या बीड-धाराशिव पट्ट्यात हा खेळ जोरात हाय. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्डकप झाला त्यात भारताच्या मुलींची कॅप्टन प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातली, अन् फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं. एवढं असून आमच्या तालुका स्पर्धेला प्रेक्षक कोण, तर क्रीडाशिक्षक अन् पुढच्या मॅचची वाट बघत बसलेल्या मुली.

मैदानावर गेल्यावर तोंड कधी उघडायचं हे आधी शिकून घ्या. आमच्यातला एक बहाद्दर पहिल्याच मॅचला बाउंड्रीवरून "खो! खो!" ओरडायला लागला अन् बसलेली एक मुलगी खो मिळाला समजून उठली, झाला फाऊल. त्या दिवशी सरांनी आम्हाला जे झापलं ते मुलींपेक्षा आम्हाला जास्त कामाला आलं. तर नियम असा: आपल्या मुली पळत्या असतील तेव्हा नावानं ओरडा, टाळ्या वाजवा, हलगी असंल तर वाजवा, पण आपल्या मुली पाठलागावर असतील तर खो हा शब्द तोंडातून काढायचा नाही. अन् पंचाला अन् समोरच्या टीमला शिव्या तर अजिबातच नाही, समोर पण कोणाची तरी चौदा वर्षाची लेकरंच हायेत.

आता खरं काम. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, पश्चिम महाराष्ट्रात नायतर कर्नाटकात, ते परत येणार थेट उन्हाळ्याच्या तोंडाला. शाळेच्या स्पर्धा तालुक्यापासून सुरू होऊन वर चढत जातात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, अन् पुढच्या फेऱ्या येतात तेव्हा नेमके आईबाप फडावर असतात. मुलगी आजीपाशी. संमतीपत्रावर सही कोण करणार, गाडीभाडं कोण देणार, पहाटे साडेचारला स्टँडवर सोडणार कोण? चांगल्या खेळणाऱ्या मुली अशा साध्या गोष्टीवर घरी बसतात. आमचा फॅन क्लब खरा तिथं लागला. बाप फडावर जायच्या आधीच सह्या घेऊन ठेवायच्या, मुकादमाचा नंबर घ्यायचा म्हणजे मॅचचा निकाल फडावर कळवता येतो, अन् मुलींसोबत जाणारी बाई ठरलेली पाहिजे, कोणाची तरी आई, मावशी नायतर मॅडम. नुसती पोरंपोरं सोबत गेली तर घरचे पाठवणार नाहीत, अन् त्यांचं बरोबरच हाय. मुलींचे फोटोबी घरच्यांना विचारल्याबिगर टाकायचे नाहीत, लाईक किती का मिळंनात.

पैशाचं थोडक्यात. महिन्याला पन्नास रुपये, जास्त नाही, जास्त ठेवले की दुसऱ्या महिन्यात माणसं गायब होतात. क्यूआर कोड एकाचा, हिशोब लिहिणारा दुसरा, अन् खर्च झाला त्याच रात्री बिलाचा फोटो ग्रुपवर. उद्या टाकतो म्हणलं की भांडण ठरलेलं. गावभर वर्गणी फिरवायची असंल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या, कलम ४१क खाली मिळती. रजिस्टर संस्था करायची तर कमीत कमी सात जण लागतात, पण मी म्हणतो पहिलं वर्षभर तरी नादी लागू नका, अध्यक्ष कोण ह्याच्यावरूनच मंडळ फुटतंय.

फुटायचं दुसरं कारण म्हणजे बॅनर. पहिल्या वर्षी एका पुढाऱ्यानं प्रोजेक्टरचं भाडं दिलं, आम्ही खूश. सकाळी बघतो तर चौकात साहेबांचा फोटो बैलगाडीएवढा अन् जिंकून आलेल्या मुलींचा कोपऱ्यात पासपोर्ट साईज, त्यातली एक तर अर्धी कापलेली. तिची आजी मला म्हणली, माझी नात दिसना की रं. तवापासून देणगी बुटांच्या रूपात घेतो, मुलींच्या पायाचे नंबर लिहून देतो, फोटो कोणाचाच नाही. निम्मे देणगीदार तिथंच गळाले, गळू द्या.

मोठी मॅच चौकात दाखवायची तर तिकीट लावू नका, त्याला प्रक्षेपणाचे हक्क ज्यांच्याकडं त्यांची परवानगी लागती. पोलिस स्टेशनला आधी अर्ज द्या, रात्री दहाला स्पीकर बंद. बायाबापड्यांना बसायला पुढं सतरंजी टाका, नायतर त्या लांबूनच बघून घरी जातात. जिंकल्यावर मिरवणुकीची घाई करू नका. २०२५ च्या ४ जूनला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयाच्या जल्लोषात ११ जण चेंगरून गेले, सगळे चाहतेच होते. आपला चौक लहान हाय पण गल्ली त्याहून लहान. गाड्या आडव्या लावायच्या नाहीत अन् निघायचा एक रस्ता मोकळा ठेवायचा, ह्याला दोन माणसं नेमून द्या, मॅच बघायची नाही त्यांनी. (कोणीच तयार होत नाही, आम्ही चिठ्ठ्या टाकतो.)

रक्तदान शिबिर तर आपल्याकडं प्रत्येक वाढदिवसाला असतंय, मग फॅन क्लबनं कामून घ्यावं? कोलकात्याचं बघा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचमधी गर्दीत १६ प्रेक्षक गेले, अन् तिथले फुटबॉलवाले त्या तारखेला त्यांच्या आठवणीत रक्त देतात. आम्ही उन्हाळ्यात घेतो, तवा रक्ताची टंचाई असती, अन् चेन्नई विरुद्ध मुंबई असा बोर्ड लावतो, कोणाच्या बाटल्या जास्त. वय १८ च्या वर, वजन ४५ किलोच्या वर, अन् आधी दिलं असंल तर पुरुषांनी तीन महिने, बायांनी चार महिने थांबायचं. शाळकरी पोरं जोशात येऊन बसतात, त्यांना सरबत वाटायला लावा.

सुरुवात करायला बॅनर-बिनर काही लागत नाही. शाळेत जा, क्रीडाशिक्षकाला गाठा, तालुका स्पर्धेची तारीख विचारा, पाण्याचे दोन जार अन् एक सतरंजी घेऊन मैदानावर जा. आम्ही पहिल्या दिवशी सहाच जण गेलो होतो, अन् मुलींना वाटलं आम्ही समोरच्या टीमचे हावोत.