बॉल पायथन पाळताय? आधी मे महिन्याचं बघा

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी वायंडिंग करून देतो. त्या दुकानामागच्या खोलीत बोंडी राहते. नागपुरातल्या ओळखीच्या एका पोराला नोकरीसाठी परदेशी जायचं होतं, त्याची ही बॉल पायथन जातीच्या सापाची मादी. घाबरली की डोकं मधे घेऊन अशी गोल आवळते की न उमललेलं कपाशीचं बोंड वाटावं, म्हणून बोंडी. बॉल पायथन हे नावही याच सवयीवरून पडलंय.

पहिली गोष्ट कागदाची. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वावरात सापडलेलं आपल्या अजगराचं पिल्लू घरी आणून "पायथनच तर आहे" म्हणाल तर तो गुन्हा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आपला अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पाळता येत नाही. बॉल पायथन २०२२ च्या दुरुस्तीनंतर चौथ्या अनुसूचीत आला आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली, साप मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला की उठून या. माझ्या नावावर कागद होईपर्यंत मी बोंडी आणली नाही.

दुसरं, वय. नीट सांभाळला तर हा २० ते ३० वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० मध्ये, साठी उलटलेली असताना आणि पंधराएक वर्षं नराचं तोंड न पाहता, सात अंडी घातली होती. बैलजोडी जमली नाही तर बाजारात नेता येते. याचं तसं नाही.

आता मुद्द्याचं. इंटरनेटवर जे सापडतं ते थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं. सगळा जोर ऊब कशी द्यायची यावर. टबाची एक बाजू ३१ ते ३३ अंश, दुसरी २५ ते २७, हे गणित बरोबरच आहे. सापाला ऊन-सावली निवडता आली पाहिजे. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा ती २७ अंशांची बाजू आणायची कुठून, हे कोणी सांगत नाही.

माझी चूक सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात टब मागच्या खोलीतच ठेवला. वर टिन. दुपारी दीडला लाइन गेली, कूलर बंद. मी बाहेर गिऱ्हाइकाची मोटार खोलून बसलेलो. तासाभरानं पाहिलं तर टबातलं थर्मामीटर ३६.८. बोंडी पाण्याच्या भांड्यात अख्खी बसलेली, नाकाचा शेंडा तेवढा वर. ३५ च्या पुढे या जातीचं काही खरं नाही. मी नुसता उभा. वर्षभर त्या खोलीत पाय न ठेवलेली आमची बायको दारातून ओरडली, "अवो, तिले माजघरात आना ना! पाहूनच काऊन रायले?"

माजघराच्या भिंती मातीच्या, वर कवेलू. तिथं त्या वेळी ३१ होतं. तेव्हापासून एप्रिल लागला की टब माजघरात जातो आणि मृगाचा पाऊस पडल्यावर परत येतो. खिडकीला ओलं बारदान टांगतो. कूलर लावतो, पण झोत टबावर येऊ देत नाही. लाइन गेलीच तर फ्रीजरमध्ये जमवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टबाच्या एका बाजूला बाहेरून टेकवतो. बर्फ आत टाकू नका. घर सिमेंटचं असेल तर सगळ्यात खालची, उत्तरेकडची खोली शोधा. तीही तापत असेल तर इन्व्हर्टर घेतल्याशिवाय साप घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

उन्हाळ्याचा दुसरा मार कोरडेपणाचा. याला हवेत ५५ ते ७० टक्के ओलावा लागतो आणि आपल्या मे महिन्यात ओठ फुटतात. जाळीच्या झाकणाची काचेची पेटी शोभेला बरी, पण ओल टिकत नाही. मी चार क्लिपांचा मोठा प्लास्टिकचा टब घेतला, बाजूंना सोल्डरिंग गननं भोकं पाडली. पूर्ण वाढलेल्या मादीला साधारण चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा द्या. खाली नारळाचा भुसा. आरागिरणीचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात कोणतं लाकूड आहे कोण जाणे. देवदार-चिडाचा वास सापाला बाधतो.

लपायला दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड. माझ्याकडे फुटक्या माठाचे दोन बूड आहेत, उलटे ठेवून दारापुरता तुकडा पाडलाय आणि कडा कानशीनं घासल्यात. आत शिरल्यावर अंग चहूबाजूंनी टेकेल एवढंच मोठं असावं. थंड बाजूच्या माठावर रोज तांब्याभर पाणी शिंपडलं की आत गारवाही राहतो आणि ओलही. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात टाकायची वेळ आली. तेव्हा हात लावू नका, माठात ओला भुसा वाढवा. कात एकसंध निघाली पाहिजे. डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाला राहिली तर ओढू नका, ओल वाढवून थांबा.

हिवाळ्यात मात्र ऊब द्यावीच लागते. रात्री पारा दहावर उतरतो आणि टबात २४ च्या खाली जाऊन चालत नाही. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, टबाच्या खाली, बाहेरून, तळाच्या तिसऱ्या हिश्शापुरती. ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावायचीच नाही. अंडी उबवायच्या मशिनीवर असतो तो डिजिटल कंट्रोलर चालतो. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं तारेचं टोक, मॅट आणि टबाच्या मधे पक्का चिकटवा. माझा एकदा सुटून फरशीवर पडला. कंट्रोलरला वाटलं थंडी आहे आणि मॅट तापतच राहिली. तळाला हात लावला तर चटका बसला. बोंडी नशिबानं दुसऱ्या बाजूला होती.

खाण्यात लोक सगळ्यात जास्त घाबरतात. नागपंचमीला शेजारची आजी वाटीत दूध आणि हळद-कुंकू घेऊन आली. तिला समजावलं की साप दूध पीत नाही, हळद नाका-डोळ्यांत जाते. "मंग खाते काय थो?" उंदीर म्हटल्यावर दूध परत घेऊन गेली. उंदीर पैदास करणाऱ्याकडूनच घ्या. शेतातला, कोठ्यातला धरू नका. गावात विषाच्या गोळ्या कुठं टाकलेल्या नसतात? उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी. जिवंत सोडू नका, उंदीर सापाला चावून जखमी करतो. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवून, मग गरम पाण्यात कोमट करून, लांब चिमट्यानं, संध्याकाळी द्या. (फ्रीजचा प्रश्न घरात आधी मिटवा. मी जुना छोटा फ्रीज दुकानात वेगळा ठेवलाय.) पिल्लाला आठवड्यानं, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नका. पचत असताना गारठा लागला तर ओकून टाकतो; मग पुढचे दोन आठवडे उपास.

दिवाळीनंतर बोंडीनं तोंडच बंद केलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, मी रडकुंडीला. ही जात महिनोन्‌महिने उपाशी राहते हे माहीत होतं, तरी. मग तांब्याची तार तोलायच्या काट्यावर दर रविवारी तिला तोलू लागलो. १४२० ग्रॅमची १३६५ झाली आणि तिथंच थांबली. फेब्रुवारीअखेर उन्हं तापली आणि तिनं उंदीर घेतला. वजन दहाव्या हिश्शाहून जास्त घटलं, किंवा श्वासाला घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, तर वाट पाहू नका. तालुक्याचे डॉक्टर बैल-म्हशीत तरबेज. सापाला हात लावणारा डॉक्टर नागपुरात कोण, हे साप आणायच्या आधी विचारून ठेवा.

आणल्यावर पहिला आठवडा टब उघडून दाखवायचं प्रदर्शन बंद. पुढेही गळ्यात घालून फोटो नाही. दोन्ही हातांनी अंग तोला, डोक्याला हात नको, नंतर साबणानं हात धुवा.

आणि क्लिपा. एकदा एक लावायची राहिली. बोंडीच्या अंगावरचे ठिपके पाहून गावातला कोणीही घोणसच म्हणणार. मी आतलं सामान उपसेपर्यंत शेजारची पोट्टी काठ्या घेऊन दारात उभी होती. तारेच्या रिळांमागं सापडली, गोळा होऊन. आता रात्री दुकान बंद करताना आधी क्लिपा मोजतो, चार. मग कुलूप.