भरतकामासाठी रिंग घ्यावी की चौकट? कापड ताणून धरणारी फ्रेम कशी निवडावी

बहिणीच्या रुखवतासाठी मी ताटावरचा रुमाल भरायला घेतला होता. पांढरं पॉपलीन, मध्ये पाच पाकळ्यांचं जास्वंद. रिंगमध्ये होतं तोवर फूल सुरेख दिसत होतं, धागा धाग्याला लागून बसलेला. रिंग काढली आणि फुलाभोवती बारीक चुण्या पडल्या. पाणी शिंपडून दोनदा इस्त्री केली तरी त्या हटेनात. धागा चांगला होता, टाकाही बिघडला नव्हता. कापड सुरुवातीपासूनच नीट ताणलं गेलं नव्हतं.

चुण्या दोन कारणांनी पडतात. कापड सैल असेल तर प्रत्येक टाका ते थोडं थोडं आत ओढतो. आणि कापड तिरकं ओढून ताणलं असेल तर रिंगमधून सुटल्यावर ते मूळ जागी जातं आणि टाके मध्येच अडकून राहतात. म्हणून फ्रेम घेताना आधी कापड, टाका आणि आपली बसायची जागा बघायची, मग दुकानात जायचं.

पहिली पायरी: सुई कशी चालते ते बघा

काही टाक्यांत सुई एका दमात आत जाऊन बाहेर येते. धावदोरा, कांथा, साध्या सुईने घातलेली साखळी या प्रकारचे. इथे कापड बोटांवर थोडं वाकलं पाहिजे, त्यामुळे घट्ट ताणलेली फ्रेम उलट आड येते. आपल्याकडे गोधडी जमिनीवर पसरून शिवतात, तिला फ्रेम लागत नाही ती याचसाठी. असं काम करणार असाल तर फ्रेम नसली तरी चालेल, किंवा रिंग घ्या पण कापड जरा सैल ठेवा.

काही टाक्यांत सुई सरळ खाली जाते आणि खालून सरळ वर येते. भरीव पाकळ्या, गाठीचा टाका, फुलीचा टाका, मोती आणि टिकल्या हे सगळं यात येतं. यांना ताण हवाच. गाठीच्या टाक्यात तर कापड सैल असलं की गाठ सुईबरोबर खाली निसटते. इरकलीवर कसुती भरताना धागे मोजावे लागतात, तेव्हाही कापड ताठ असलं की नजर चुकत नाही.

आरी वर्कची गोष्ट वेगळी. आरीची आकडी वरून खाली जाते, खालच्या हातातला धागा पकडते आणि वर आणते. कापड जरा जरी ढिलं असलं तरी आकडी विणीत अडकते आणि कापडच ओढून वर येतं. शिवाय एक हात वर, एक खाली, म्हणजे फ्रेम धरायला तिसरा हात उरत नाही. ब्लाउजच्या आरी वर्कसाठी हातात धरायची रिंग घेऊ नका, स्टँडवर बसणारी चौकटच घ्या. हीच कला अठराव्या शतकात भारतातून युरोपात गेली तेव्हा तिथे तिला फ्रेंच शब्दावरून तांबूर म्हणू लागले. तांबूर म्हणजे ढोल. ताणलेलं कापड ढोलाच्या कातड्यासारखं लागतं, म्हणून.

दुसरी पायरी: कापड ओळखा

पॉपलीन, मॅटी, आयडा (फुलीच्या टाक्यासाठीचं चौकोनी घरांचं कापड), खादी यांना रिंग बिनधास्त लावा. रेशमी ब्लाउजपीसवर रिंगचा वळ उठतो. तिथे कापडावर जुन्या मऊ मलमलीचा तुकडा ठेवून दोन्ही मिळून रिंगमध्ये बसवा आणि नक्षीपुरती मलमल मधून कापून घ्या, म्हणजे वरून रेशमाला लाकूड लागणार नाही. मखमलीला रिंग लावूच नका. तिची लव दबली की पुन्हा उभी राहत नाही. मखमल चौकटीवर ताणायची, आणि तीही कडांना सुती पट्ट्या शिवून. जॉर्जेट आणि शिफॉन रिंगमधून हळूहळू सरकतात, त्यांनाही चौकट बरी. टी-शर्टचं कापड ताणलं की लांबतं. त्याला खालून स्टॅबिलायझर, म्हणजे कापड लांबू न देणारा आधाराचा थर, लावा आणि रिंगमध्ये नुसतं सपाट बसवा.

तिसरी पायरी: माप

रिंगची मापं इंचात असतात. रिंग हातात धरल्यावर त्याच हाताची बोटं खालून मध्यापर्यंत पोचली पाहिजेत. बहुतेकींना 5 ते 6 इंची रिंग त्यामुळे सोयीची पडते. 8 इंचांच्या पुढे मध्यभाग सैल पडायला लागतो आणि मनगट भरून येतं. 10-12 इंची रिंग घ्यायचीच असेल तर टेबलाला किंवा मांडीखाली अडकणारा स्टँडही घ्या.

फुलीच्या टाक्याचा हिशेब सोपा आहे. 14 काउंटच्या आयडात एका इंचात 14 घरं असतात. नक्षी 112 घरांची असेल तर भरलेला भाग 8 इंचांचा होतो. त्याच्या चारही बाजूंना निदान दोन इंच सोडा, म्हणजे कापड 12 इंचांचं घ्या. कापड आधीच कमी कापलं गेलं असेल तर कडांना टाकाऊ सुती पट्ट्या शिवा. पट्ट्या रिंगमध्ये जातात, नक्षी मध्ये राहते.

लोकलमध्ये भरणाऱ्यांसाठी 4 इंची. पर्समध्ये मावते, शेजारणीला कोपर लागत नाही. फक्त बसायला जागा मिळाली तरच काढा. उभ्याने, गर्दीत, हातात सुई घेऊन काही करायचं नाही.

चौथी पायरी: दुकानात तपासून घ्या

मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्यांत, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि दादरला भरतकामाचं सामान मिळतं. घरबसल्या मागवण्यापेक्षा तिथे जाऊन घ्या असं मी सांगेन, कारण रिंग हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आतली कडी बाहेरच्या कडीत बसवा, स्क्रू आवळा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. दोन कड्यांमधून उजेड दिसला तर तिथे कापड सैल राहणार. स्क्रूजवळ थोडी फट बहुतेक रिंगांत असते, पण समोरच्या बाजूला फट असलेली घेऊ नका. मग ओढणीचं टोक कडीवरून सगळीकडे फिरवा. जिथे अडकेल तिथे कूस आहे, आणि ती तुमच्या कापडातही शिरेल. स्क्रू आवळल्यावर बाहेरच्या कडीची दोन टोकं समोरासमोर राहतात का, की एकमेकांवर चढतात, तेही बघा. स्क्रू पितळी असेल तर उत्तम. लोखंडी स्क्रू मुंबईच्या हवेत किती दिवस टिकतो ते आपल्याला माहीतच आहे.

बांबूच्या रिंगा स्वस्त असतात आणि शिकायला पुरेशा आहेत. बीच लाकडाच्या जड आणि पक्क्या असतात, रोज भरणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात. प्लास्टिकच्या रिंगला पावसाचं भय नाही, पण गुळगुळीत कडीवरून कापड सरकतं. आत धातूची स्प्रिंग असलेली रिंग पटकन लागते आणि पटकन सुटते; भरीव कामाला तिचा ताण मला अपुरा वाटतो.

पाचवी पायरी: आतल्या कडीला नाडी गुंडाळा

पन्नास रुपयांची रिंग चांगली करायची असेल तर हे एवढं करा. परकराची चपटी सुती नाडी घ्या, साधारण अर्धा इंच रुंद. नवीन असेल तर आधी धुऊन वाळवा, नाहीतर नंतर आटते. एक टोक आतल्या कडीच्या आतल्या अंगाला धरा आणि तिरकी गुंडाळत चला. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढला पाहिजे, आणि प्रत्येक वेढा घालताना नाडी खेचून घट्ट करायची. सुरकुती राहिली तर तिचा वळ कापडावर उठेल. पूर्ण फेरा झाला की उरलेली नाडी कापा आणि दोन्ही टोकं आतल्या अंगालाच चार टाके घालून शिवून टाका. डिंक किंवा फेविकॉल लावू नका, दमट हवेत त्याचा डाग कापडावर उतरू शकतो.

नाडीमुळे कापडाला पकड मिळते आणि लाकडाची कडा त्याला थेट टोचत नाही. जास्वंदाच्या रुमालानंतर मी घरातल्या सगळ्या रिंगांना नाडी गुंडाळली. तेव्हापासून भरता भरता मध्येच कापड खेचावं लागत नाही.

सहावी पायरी: कापड ताणा

आधी कापडाला इस्त्री करा. आतली कडी टेबलावर ठेवा, वर कापड, नक्षी मधोमध. बाहेरच्या कडीचा स्क्रू पुरता सैल करून ती वरून सरळ दाबून बसवा. स्क्रू अर्धा आवळा. आता कापड फक्त उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने ओढायचं: वर आणि खाली, मग डावीकडे आणि उजवीकडे. कोपऱ्यांतून तिरकं कधीच ओढू नका. काढलेलं वर्तुळ अंड्यासारखं झालं किंवा आयडाची चौकोनी घरं कलली तर समजा कुठेतरी तिरकं ओढलंय. तेव्हा रिंग सोडून पुन्हा लावा. त्यावरच भरत बसलात तर पुढे चुण्या ठरलेल्या.

सगळीकडे सारखा ताण आला की स्क्रू पूर्ण आवळा आणि बोटाने टिचकी मारा. डफावर थाप पडल्यासारखा आवाज आला पाहिजे. दर अर्ध्या तासाने पुन्हा टिचकी मारून बघत जा.

स्क्रू कुठे ठेवायचा हे सहसा कुणी सांगत नाही. उजव्या हाताने भरत असाल तर रिंग फिरवून स्क्रू घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी आणा, डावखुऱ्या असाल तर एक-दोनच्या जागी. म्हणजे धागा प्रत्येक टाक्याला स्क्रूत अडकणार नाही.

मोठं काम असेल तर

टेबलक्लॉथ, साडीचा पदर किंवा भिंतीवरचं चित्र रिंग सरकवत सरकवत भरता येतं, पण रिंग भरलेल्या गाठींवरून आणि मोत्यांवरून गेली की ते दबतात आणि तुटतात. इथे चौकट घ्या.

रोलर फ्रेमला वर-खाली दोन दांडे असतात. कापडाची टोकं दांड्यांवरच्या पट्टीला शिवायची, जास्तीचं कापड गुंडाळून ठेवायचं आणि बाजूच्या कडा दोऱ्याने फ्रेमला ओवून ताणायच्या. लांबट कामाला ती फार चांगली.

घरी करायची असेल तर पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि कोपऱ्यांत जोडायला चार एल्बो. एल्बो चिकटवू नका, म्हणजे फ्रेम सोडवता येते. कापड वर ठेवून त्यावर पाइपच्याच उभ्या चिरलेल्या तुकड्यांच्या क्लिपा दाबायच्या. पाइपवर घट्ट बसेल असाच तुकडा बघून घ्या आणि चिरलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा. ताण कमी झाला की क्लिप बाहेरच्या बाजूला थोडी फिरवायची, कापड पुन्हा ताठ होतं.

सगळ्यात पक्का ताण मात्र अड्ड्याचा. जरदोजीचे कारागीर ज्याभोवती बसून काम करतात तो. दोन लांब दांडे, त्यांच्या खाचांतून जाणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना ओळीने भोकं. भोकात खिळा अडकवला की दांडे जागचे हलत नाहीत. दांड्यांवरच्या जाड सुती पट्टीला आपलं कापड शिवायचं, खिळा एकेक भोक पुढे सरकवत ताण वाढवायचा आणि उरलेल्या दोन बाजू दोरीने आवळायच्या. 30 मार्च 2023 ला गेटवे ऑफ इंडियासमोर दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा शो झाला तेव्हा तिथे भलंमोठं भरतकामाचं तोरण उभारलं होतं, ते मुंबईतल्याच चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांनी भरलेलं. हातातल्या रिंगवर असलं काम उभं राहत नाही.

मुंबईच्या घरात अड्डा कुठे ठेवायचा, असं सगळ्या विचारतात. आमच्याही दोनच खोल्या आहेत. पण अड्डा सोडवला की चार लाकडं उरतात. ती दोरीने बांधून कपाटामागे उभी राहतात. खिळे ठोकून पक्की केलेली चौकट मात्र माळ्यावर सुद्धा मावत नाही. घेताना सुटी होणारीच घ्या. आणि पहिल्या दिवशी अड्डा लावायला तासभर जाईल हे धरून चाला. तो तास वाया जात नाही, कारण त्यानंतर पुढचे कित्येक दिवस ताण पुन्हा पुन्हा बघावा लागत नाही.

काम थांबवताना

लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं होतं, म्हणून दुसरा रुमाल मी जूनमध्येच सुरू केला आणि जुलैत पंधरा दिवस रिंगमध्येच ठेवून दिला. काढला तेव्हा हाताच्या घामाचं आणि धुळीचं तपकिरी कडं उमटलेलं, आणि स्क्रूजवळ गंजाचा ठिपका. कडं साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गेलं. गंज लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवला की पांढऱ्या सुती कापडावरून निघतो, पण जुलैत ऊन कुठून आणायचं? रंगीत धाग्याला हा उपाय करूच नका, रंग उतरतो.

तेव्हापासून रोज उठताना कापड रिंगमधून काढते आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळून ठेवते. अड्ड्यावरचं कापड काढत नाही, त्यावर धुतलेली चादर टाकते. रिंग ठेवताना कड्या एकात एक बसवून स्क्रू सैल सोडते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि आवळून ठेवलेली रिंग गणपतीत उघडायला गेलं की दोन्ही हातांनी ओढावी लागते.