दातावर दात: वारशाने किती, आणि घरी काय तपासायचं

‘बापाचे मोठे दात, आईचा लहान जबडा’ असं वाटप शरीरात होत नाही. दातांचा आकार आणि जबड्याची ठेवण बरीचशी आनुवंशिक असते, पण अनेक जनुकं मिळून ती ठरवतात. म्हणून सख्ख्या भावंडांचेही दात वेगळे निघतात. वारसा बदलता येत नाही. पक्क्या दातांची जागा मात्र वाचवता येते.

आधी घरात विचारा. आईवडील, आत्या, मामा यांच्यापैकी कुणाचा सुळा वर चढलेला आहे? खालचा जबडा पुढे आहे? एखादा पक्का दात आलाच नाही? शेवटच्या दोन गोष्टी घराण्यात विशेष उतरतात, त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मूल ४-५ वर्षांचं असताना उजेडात तोंड पाहा. दुधाचे २० दात मोजा. पुढच्या दातांत फटी असतील तर चांगलंच, कारण खालच्या चार पक्क्या दातांना दुधाच्या चारांपेक्षा एकूण सुमारे ६ मिलिमीटर जास्त जागा लागते. फटी नसतील तर गर्दीची, म्हणजे दातावर दात येण्याची, शक्यता वाढते.

सगळ्यात जास्त नुकसान दाढांत होतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली पक्की दाढ दुधाच्या दाढांमागे येते. त्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तिलाही दुधाचीच समजतात. दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. ‘पडणारच आहे’ म्हणून किडलेली दाढ लवकर काढली, की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणारा दात अडकतो. कीड वेळीच भरून घ्या. काढावीच लागली तर स्पेस मेंटेनरबद्दल (रिकामी जागा राखून ठेवणारं छोटं साधन) त्याच भेटीत विचारा.

खालचे पक्के दात मागून उगवून दुहेरी रांग दिसली तर घाबरू नका. दुधाचा दात हलत असेल तर भाकरी, गाजर चावू द्या. बहुधा तो पडतो आणि जीभ नव्याला पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत पडला नाही तर दाखवा.

सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाकडे, न्याच. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. मूल तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाही दाखवा. नांदेड, बीडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. त्याचे डाग हा वेगळा विषय, गर्दीशी त्यांचा संबंध नाही.

दात सरळ करायला लावलेल्या तारा निघाल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) सोडू नका, दात पुन्हा सरकतात.