लायसन्सची टेस्ट आणि गाडीतल्या ऑटोमॅटिक सोयी: या चुका टाळा

घरच्या नव्या गाडीवर हात बसवायचा आणि टेस्ट ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीवर द्यायची, ही कोल्हापुरातली नेहमीची पद्धत. घरच्या गाडीला हिल होल्ड (चढावर गाडी काही सेकंद धरून ठेवणारी सोय), मागचा कॅमेरा, आपोआप बंद-चालू होणारं इंजिन असं सगळं असतं. स्कूलच्या गाडीला यातलं बहुतेक काहीच नसतं. मग परीख पुलाखालून वर येताना ज्याची गाडी कधी मागं सरकली नाही, त्याचीच गाडी टेस्टच्या चढावर मागं येते. क्लच कुठं पकडतो हे पायाला माहीतच नसतं, कारण आजवर ते काम गाडी करत आलेली असते.

उलटही घडतं. स्कूलच्या गाडीवर शिकून टेस्टला कुणाची तरी नवी गाडी नेली की ऐनवेळी कुठलं तरी बटण, कुठला तरी बीप गोंधळ उडवतो. म्हणून पहिली गोष्ट: टेस्ट ज्या गाडीवर द्यायची ती आधी ठरवा आणि शेवटचे किमान आठ-दहा दिवस सराव तिच्यावरच करा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये टेस्टला काय काय तपासायचं ते लिहिलेलं आहे. आरसे लावून घेणं, तीव्र चढावर थांबून गाडी मागं न येऊ देता पुन्हा निघणं, मर्यादित जागेत रिव्हर्स घेणं, सिग्नल देण्याआधी आरशात बघणं, स्टिअरिंग आणि ब्रेकवर ताबा. ही सगळी कामं चालकाची आहेत. गाडी जे तुम्हाला सांगते, त्याची मदत घेता येईल. पण जे ती तुमच्याऐवजी करते, त्यावर टेस्ट काढू नका. कॅमेऱ्याची स्क्रीन झाकायची का, ऑटोमॅटिक गाडी चालेल का, हे आपल्या आरटीओ कार्यालयात स्लॉट घेतानाच विचारून घ्या. ट्रॅकवर उभं राहून विचारण्यात अर्थ नसतो.

चढावर हिल होल्डच्या भरवशावर राहणं

सर्वांत जास्त घोळ इथंच होतो, म्हणून नीट समजून घेऊ. चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी हिल होल्ड ब्रेकच्या नळ्यांमधला दाब साधारण दोन ते तीन सेकंद धरून ठेवतो. त्यानंतर तो सोडून देतो. तुम्ही निघालात की नाही, याची तो वाट बघत नाही. नवशिक्या माणूस ब्रेक सोडतो, मग गिअर बघतो, क्लच उचलतो, तेवढ्यात तीन सेकंद संपतात आणि गाडी मागं येते. घाबरून क्लच झटक्यात सोडला की गाडी बंद पडते. शिवाय चढ सौम्य असेल तर काही गाड्यांत हिल होल्ड लागतच नाही, आणि काहींत सीट बेल्ट किंवा दार नीट लागलेलं नसेल तरी लागत नाही.

यावर खात्रीचा उपाय हँडब्रेकचा. चढावर क्लच आणि ब्रेक दाबून थांबा. हँडब्रेक पूर्ण वर ओढा. पहिला गिअर टाका. क्लच हळूहळू उचला. इंजिनाचा आवाज जड झाला आणि बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की पाय तिथंच रोखा. हाच हाफ क्लच. आता रेस थोडी द्या. पेट्रोल गाडीला दीड हजार आरपीएमच्या आसपास पुरते. मग हँडब्रेक खाली सोडा आणि गाडी पुढं सरकू लागल्यावरच क्लच पूर्ण सोडा. हँडब्रेक अर्धवट खाली राहिला तर गाडी ओढत नाही, म्हणून डॅशबोर्डवरचा लाल दिवा गेला का ते बघा.

बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड बंद करण्याची सोयच नसते. अशा गाडीवर सराव करताना चढावर हँडब्रेक ओढून ब्रेकवरचा पाय काढा, चार-पाच सेकंद जाऊ द्या आणि मग हाफ क्लच धरा. तोवर हिल होल्ड सुटलेला असतो आणि पुढचं काम तुमच्याच पायाला करावं लागतं. सरावाला पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा घाट लगेच नको. तिथं मागून येणाऱ्या गाड्यांच्या दडपणाखाली नवशिक्याचं शिकणं होत नाही. एखादा वर्दळ नसलेला उतार शोधा, शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस बसवा आणि सकाळी लवकर जा.

एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीवाल्यांसाठी वेगळी सूचना. सपाट रस्त्यावर ब्रेक सोडला की ही गाडी आपोआप सरकते. त्यावरून चढावरही ती तशीच धरेल असं समजू नका. हिल होल्ड नसलेली एएमटी चढावर मागं येते. तिथंही हँडब्रेक लावूनच निघा.

थांबल्यावर इंजिन बंद पडणं

सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंधन वाचवण्यासाठी इंजिन आपोआप बंद होतं, ही सोय आता बऱ्याच गाड्यांत आहे. टेस्टला याचे दोन तोटे. शेजारी बसलेल्या किंवा बाहेरून बघणाऱ्या साहेबांना गाडी बंद पाडल्यासारखं वाटू शकतं. आणि उमेदवार स्वतःच गोंधळून किल्ली फिरवायला किंवा स्टार्टचं बटण दाबायला जातो. खरं तर नुसता क्लच दाबला की इंजिन पुन्हा चालू होतं.

गाडी सुरू केल्यावर लगेच या सोयीचं वेगळं बटण दाबून ती बंद करा. बटणावर सहसा गोल बाणात इंग्रजी ए हे अक्षर असतं आणि बंद केल्यावर दिवा लागतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या वेळी चावी फिरवली की ती पुन्हा चालू होते, त्यामुळं सकाळी घरी बंद केली यावर विसंबू नका. बटण विसरलात तर थांबताना क्लच दाबून पहिल्या गिअरमध्येच राहा. मॅन्युअल गाडीत असं केलं की इंजिन सहसा बंद होत नाही.

शेजारीच घसरत्या गाडीचं चित्र असलेलं ईएससीचं, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचं बटण असतं. घाईत तेच दाबलं जातं. ते दाबू नका. ईएससी, एबीएस, सीट बेल्टची सूचना या सुरक्षेच्या गोष्टी आहेत, त्या चालूच असल्या पाहिजेत.

रिव्हर्सला बीप ऐकून गाडी चालवणं

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. त्यामुळं कमी किमतीच्या गाडीतही बीप वाजतोच. अडथळा सव्वा-दीड मीटरवर आला की बीप सुरू होतो आणि फुटभर अंतर उरल्यावर सलग वाजू लागतो. टेस्टच्या ट्रॅकवर आठ किंवा एच काढताना, म्हणजे त्या आकारात गाडी फिरवताना, कडेला रोवलेल्या बांबूंमुळं, वाढलेल्या गवतामुळंही तो वाजतो. सलग बीप ऐकला की नवशिके घाबरून जागीच थांबतात, ब्रेकवर ब्रेक मारतात आणि लाईन बिघडते. उलट बारीक पाइप बंपरच्या कोपऱ्यावर असेल तर सेन्सर त्याला पकडतोच असं नाही. बंपरपेक्षा बुटका दगड किंवा फरशीची कडही सुटून जाते.

कॅमेऱ्याचं आणखी वेगळं. त्याची भिंग रुंद असते, त्यामुळं मागची वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते. स्क्रीनवरच्या रेघा सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत. काहींत त्या स्थिरच राहतात. स्थिर रेघांवर वळण घेतलं तर गाडी भलतीकडं जाते. आणि स्क्रीनकडं बघत राहिलं की गाडीचं पुढचं टोक कुठं जातंय ते कळत नाही. एच काढताना पुढचा कोपराही बांबूला लागू शकतो.

सरावाच्या वेळी स्क्रीनवर रुमाल टाका. डावा आरसा असा लावा की मागच्या दाराच्या हँडलचा किंचित भाग आतल्या कडेला दिसेल आणि क्षितिज मधोमध राहील. रिव्हर्सला तोच आरसा थोडा खाली वळवा म्हणजे मागचं चाक आणि जमिनीवरची रेघ दिसते. मान वळवून मागच्या काचेतून बघायची सवय लावा. समांतर पार्किंगला पुढच्या गाडीला समांतर, अर्धा ते एक मीटर अंतर ठेवून थांबा, सरळ मागं या, आपलं मागचं टोक तिच्या मागच्या टोकाशी आलं की स्टिअरिंग पूर्ण डावीकडं. गाडी साधारण ४५ अंशात आली की चाकं सरळ करा आणि बोनेटचा डावा कोपरा पुढच्या गाडीपासून सुटला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं. वेग क्लचवर ठेवा, रेसवर नाही.

काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की डावा आरसा आपोआप खाली झुकतो. ज्यानं स्थिर आरशावर खुणा पाठ केल्या आहेत, त्याला ते चालत नाही. डावा की उजवा आरसा हलवायचा ते निवडायचं बटण मधल्या स्थितीत ठेवलं की बहुतेक गाड्यांत हे थांबतं.

ऑटो होल्ड चालू ठेवून रिव्हर्स घेणं

इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत ऑटो होल्ड असतो. गाडी थांबली की तो ब्रेक धरून ठेवतो आणि रेस दिल्यावरच सोडतो. सिग्नलला छान, पण पार्किंगला वाईट. हळूहळू सरकायचं असतं आणि प्रत्येक थांब्यानंतर रेस द्यावी लागते, त्यामुळं गाडी हिसका देत सुटते. ट्रॅकवर जाण्याआधी बंद करा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक हातानं कसा सोडायचा, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून बटण खाली दाबणं, हेही करून बघा. आपोआप सुटण्यावर राहिलात आणि सीट बेल्ट लावलेला नसेल तर काही गाड्यांत तो सुटत नाही.

इंडिकेटरला नुसतं टिचकी मारणं

दांडी हलकेच लोटली की तीन वेळा लुकलुकून इंडिकेटर बंद होतो. ती सोय लेन बदलण्यापुरती. वळताना दांडी खटकन बसेपर्यंत ढकला. आठ काढताना स्टिअरिंग परत फिरलं की इंडिकेटर आपोआप जातो, तिथं तो पुन्हा द्यावा लागतो.

रस्त्यावरच्या टेस्टला एडास

एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या आधारे चालकाला मदत करणाऱ्या सोयी. त्यातला गाडी लेनमध्ये ठेवणारा लेन असिस्ट बहुतेक गाड्यांत साठच्या आसपास वेग गेल्यावरच जागा होतो, म्हणून शहरात त्याचा प्रश्न नाही. प्रश्न आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा आणि बाजूच्या आरशातल्या ब्लाइंड स्पॉटच्या (आरशात न दिसणाऱ्या जागेतल्या गाडीची सूचना देणाऱ्या) दिव्याचा आहे. महाद्वार रोडसारख्या गर्दीत दुचाकी दोन्ही बाजूंनी घुसतात. आरशातला दिवा लागला नाही म्हणजे बाजू मोकळी, असं समजून वळू नका. आरसा, मग मान, मग स्टिअरिंग. वेग आपोआप धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल टेस्टमध्ये लावूच नका.

हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागं तर गाडीच्या ब्रेकवर भरवसा नकोच. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस हवेत असतो, खाली रडारसमोर मोकळी जागा असते आणि मागचा दिवा अनेकदा नसतो. अंतर तुम्हीच ठेवायचं.

सेन्सर आणि कॅमेरे स्वच्छ असणं इथं वेगळंच महत्त्वाचं. जोतिबाच्या यात्रेहून किंवा मिरवणुकीतून आलेल्या गाडीच्या भिंगावर गुलाल बसलेला असतो. कोरड्या फडक्यानं पुसला तर तो पसरतो आणि भिंगावर ओरखडे येतात. आधी पाण्यानं धुवा, मग मऊ कापड. पुढच्या काचेत आरशामागं एडासचा कॅमेरा असेल तर त्याच्यासमोर स्टिकर किंवा हार येऊ देऊ नका. काच बदलली असेल तर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करून घेतला का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

आदल्या संध्याकाळी

वायपर आणि हेडलाइट ऑटोवर असतील तर ते हातानं कसे चालू करायचे ते बघून ठेवा. साहेब विचारू शकतात. एल ची पाटी पुढं आणि मागं दोन्हीकडं लावा: पांढऱ्यावर लाल, किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. ती मागच्या कॅमेऱ्यावर येणार नाही अशी लावा. लर्निंग लायसन्स मिळून ३० दिवस झालेले हवेत. आरसी, विमा, पीयूसी गाडीत असू द्या. बंद न होणारी एखादी सोय असेल तर बसतानाच सांगा: "साहेब, या गाडीला हिल होल्ड आहे, बंद होत नाही. मी हँडब्रेकवर निघतो."

नापास झालात तर नेमकं काय चुकलं ते तिथंच विचारून घ्या. पुन्हा टेस्ट ७ दिवसांनंतर देता येते, पण तीनदा नापास झाल्यावर ६० दिवस थांबावं लागतं. चढ चुकला असेल तर ते सात दिवस फक्त चढावर घालवा, हिल होल्ड नसलेल्या गाडीवर.